जावईबापूंच्या ओझ्याखाली

मित्रांनो, जुना तर मी झालोच आहे, पण बाहुला असूनही कधी कुणाच्या खेळण्यात नव्हतो. मी सरावाचा बाहुला. उंची पुरुषभर, वजन त्याहून जरा जास्तच, अंगावर बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन आणि पोटात चिंध्या. सध्या माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत आहे. माझ्यावर गुंडाळलेल्या गाद्या रचल्या आहेत आणि दाराच्या फटीतून येतो तेवढाच उजेड मला दिसतो. कूस बदलायची तरी कुणीतरी यावं लागतं. आयुष्यभर मी लोकांना दाबून ठेवलं आणि म्हातारपणी माझ्यावरच ही पाळी आली, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

मला शिवलं मास्तरांनी. दिवसा ते बसच्या सीट शिवत आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत ज्युडो शिकवत. उरलंसुरलं रेक्झिन आणून त्यांनी माझं अंग बेतलं, पोटात वाळूची पिशवी घातली, भोवती चिंध्या ठासल्या. पण घाईत त्यांनी दोन्ही हात एकाच बाजूचे कापले. तेव्हापासून माझे दोन्ही हात डावे आहेत. उसवायचा त्यांना कंटाळा आला. "राहू दे," ते म्हणाले, "याला कुठे सही करायचीय!"

नाव ठेवलं त्यांच्या बायकोने. मला दारातून आत ओढताना तिला धाप लागली होती. "आला, पसरला, स्वतः हलायचं नाव नाही आणि सगळ्यांनी उचलायचं. हे तर जावईबापू!" झालं, त्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाचा जावई झालो.

मास्तरांची एक रीत होती. नवा माणूस आला की ते आधी विचारत, "का आलात?" उत्तर ऐकून मान डोलावत. मग त्याला उताणं झोपवून मला त्याच्या छातीवर ठेवत आणि म्हणत, "निघा बाहेर." नव्या माणसाला वाटायचं, आपली थट्टा चाललीय. पण मास्तर सांगत, "अडकणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला सुटणं काय शिकवू?"

माझा कान खालच्या माणसाच्या तोंडाशी यायचा. म्हणून मला एक गोष्ट कळली, जी मास्तरांनाही पुरती ठाऊक नव्हती. माणूस उभ्याने एक कारण सांगतो आणि आडवा पडला की दुसरंच. बेकरीवाला उभ्याने म्हणाला, "पोट सुटलंय, कमी करायचंय." माझ्याखाली धापा टाकताना मात्र पुटपुटला, "भर दुकानात गिऱ्हाइकाने कानाखाली मारली, आणि मी पाव मोजत राहिलो." एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, "म्हातारपणी तोल सांभाळायला." माझ्याखाली ते निवांत पडून राहिले आणि म्हणाले, "संध्याकाळी घर खायला उठतं हो. इथे निदान कुणी हात तरी लावतं." मारामारीची हौस म्हणून आलेले मी फार थोडे पाहिले. बहुतेकांना कुठूनतरी सुटायचं असतं.

वर्गात एक नियम देवासारखा पाळला जायचा. अडकलात, दुखलं, घाबरलात, तर दोन थापा मारायच्या, गादीवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही. या थापा लोकांच्या अंगवळणी पडत. बेकरीवाला एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीवर दोन थापा मारून आला आणि डॉक्टर थांबत नाहीत म्हणून त्यांच्यावरच चिडला.

मला मात्र थापा कळत असूनही सोडता येत नसे. उठायला अंगात काही लागतं ना!

अशात एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ताई आली. तिशीची, बारीक अंगाची, बोटांच्या टोकांना काचेच्या कामाचे चरे पडलेले. "पाठ दुखते," ती म्हणाली, "डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलाय." मास्तरांनी मान डोलावली आणि मला तिच्यावर ठेवलं. ती धडपडलीच नाही. लाकडासारखी ताठ झाली, डोळे मिटले आणि अगदी लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "दादा, ऊठ ना."

पुढे हळूहळू मला सगळं समजलं. आई-वडील गेल्यावर ती भावाच्या घरी राहत होती. लहानपणी तो तिच्या छातीवर बसायचा आणि म्हणायचा, "सूट बघू!" घरातले हसायचे. आता तो चांगला बापई माणूस झाला होता, तरी खेळ तोच. ती कुठे निघाली, कशाला नाही म्हणाली, की तो हसत हसत तिचे दोन्ही हात धरून तिला भिंतीशी दाबायचा. "सूट बघू!" वहिनीही हसायची. घराची किल्ली त्याच्याच खिशात असायची. वर्गाला त्याने येऊ दिलं, कारण पाठ धरली तर घरचं काम कोण करणार?

पण दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला दुसऱ्या गावातलं नवं दुकान सांभाळायला सांगितलं होतं. वर राहायला खोलीही होती. मित्रांनो, तिला मेडल नको होतं की कुणाला आपटायचं नव्हतं. तिला त्या खोलीपर्यंत पोचायचं होतं.

ती छान शिकली. बेकरीवाल्याच्या पकडीतून सुटायची, मास्तरांच्या पकडीत अडकली तर थापा मारायची, मास्तर सोडायचे. असे काही महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी ती मनगटावर बाही ओढून आली आणि म्हणाली, "मास्तर, जावईबापूंना ठेवा माझ्यावर." मला ठेवल्यावर तिने तोंड माझ्या बाजूला वळवलं. मग माझ्या कानात म्हणाली, "काल दादाने दाबून धरलं. मी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या रे. आणि तो सोडेल म्हणून वाट बघत राहिले."

मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिच्यावरून उठावं, निदान बाजूला कलंडावं, असं फार वाटलं. पण मी तसाच पडून राहिलो, तिचा श्वास अडवत.

तिने ते मास्तरांनाही सांगितलं. मास्तर खाली मांडी घालून बसले. "माणसं सोडतात, हेच मी शिकवत बसलो," ते म्हणाले. "आजपासून तुमची जोडी यांच्याशी. यांना थापा लागू पडत नाहीत. ताकद लावू नका, जागा करा. आधी श्वासापुरती, मग गुडघ्यापुरती, मग सगळ्या अंगापुरती."

त्यानंतर ती माझ्याखाली इतक्यांदा अडकली की माझी शिवण विसविशीत झाली. आधी तिला रडू यायचं, मग राग यायचा, मग नुसताच घाम. शेवटी एकदा ती कमरेने उसळली, कूस वळवली, गुडघा आत सारला आणि मी धपकन बाजूला पडलो. पोटाची शिवण फाटून वाळू सांडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांच्या बायकोने केरसुणी आणली. मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि दुरुस्तीचं उद्यावर गेलं. ते उद्या अजून उजाडलेलं नाही. पण त्या भिंतीशी होतो म्हणूनच पुढचं मला दिसलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती वर्गाचा निरोप घ्यायला आली होती. मागोमाग भाऊ जिना चढून आला. हसतमुख, नीटनेटका माणूस.

"मास्तर, बहिणीला न्यायला आलो," तो म्हणाला. "चल गं, बस झाली पैलवानकी."

"दादा, मी उद्या जाणार आहे. माझी पेटी काढायचीय, किल्ली दे."

"अगं वेडे, तुला एकटीला रस्ता तरी ओलांडता येतो का?" त्याने हसत तिचे हात धरले, पाय अडकवून तिला गादीवर पाडलं आणि वर बसला. "बघा हं मास्तर, तुमची विद्या! सूट बघू!"

बेकरीवाला पुढे धावला. मास्तरही उठले.

"थांबा," ती खालून म्हणाली. मग त्याला म्हणाली, "दादा, सोड."

तो हसत राहिला. तिने मान बाजूला केली आणि श्वास घेतला. जागा झाली होती. कंबर उसळली, कूस वळली, गुडघा आत गेला आणि तो बाजूला कलंडून दोन्ही हातांवर आला. ती त्याच्यासमोर उभी होती. तिने त्याला हातही लावला नव्हता.

तो उठला, कपडे झटकले, इकडेतिकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. "मस्करी करत होतो मी," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू नेहमी मस्करीच करायचास. आणि मला दर वेळी वाटायचं, आपण मरणार."

हे त्याला खरंच कधी ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, त्यानेही नाही. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि एकटाच जिना उतरला. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढे माझी रवानगी या खोलीत झाली.

मित्रांनो, मला शिवा, झटका, उन्हात घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. झालंच तर बरं वाटेल, एवढंच. पण एक मागणं आहे. तुमच्या खाली, तुमच्या मिठीत, तुमच्या मस्करीत कुणी 'सोड' म्हणालं, तर लगेच सोडा. ते हसत असलं तरी सोडा. मला ते कधीच जमलं नाही, कारण मी चिंध्यांचा आहे. तुम्ही नाही.