थोरल्या पाद्र्यांची घंटा

"वाजली! आईशप्पथ, माझ्या कानात वाजली!"

चर्चमागच्या दफनभूमीत एक गवंडी दोन्ही कानांवर हात दाबून उड्या मारत होता आणि भोवती दोन-अडीचशे माणसे माना उंचावून त्याच्याकडे बघत होती. चर्चची घंटा तडकून चार महिने झाले होते. तिचा आतला लोलक काढून कोठारात टाकला होता. तरी गेला महिनाभर रोज सकाळी पाच-पंचवीस जणांच्या कानांत ती घणघणत होती. थोरल्या पाद्र्यांच्या थडग्याच्या पायथ्याशी दगडाच्या फटीतून कडू पाणी झिरपत असे. ते ओंजळभर प्यायले की हिवताप उतरायचा, आणि ज्याची श्रद्धा जबर त्याला वर घंटाही ऐकू यायची.

थडग्याला टेकून उपदेशक उभा होता. वीस वर्षे त्याने थोरल्या पाद्र्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती, त्यांची प्रवचने लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितली होती, आणि मिशनच्या दवाखान्यासाठी बोटीने येणाऱ्या औषधांच्या पेट्या उतरवून कोठार सांभाळले होते. एवढे करूनही पाद्रीपण काही त्याला मिळाले नव्हते. पाणी झिरपू लागल्यापासून मात्र त्याच्या आवाजाला धार चढली होती.

"एक ओंजळ देहासाठी! दुसरी आत्म्यासाठी! आणि मनात तिळभर शंका असेल त्यानं तिसरी प्यावी!"

"आणि नुसतं बघायला आलेल्यानं?" मागून कुणीतरी विचारले.

"त्यानं चार! बघ्याला गरज जास्त!"

म्हणजे काहीही विचारा, उत्तर पाणी प्या हेच. लोक हसले आणि प्यायले.

गर्दीच्या कडेला मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई उभी होती. ती हसली नाही. तिची सहा वर्षांची छकुली दहा दिवस तापाने फणफणत होती. एक दिवस आड हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग अंगाची भट्टी. हिवतापावर दवाखान्यात कोयनेल होते. नर्सबाईने स्वतःच्या हाताने ते पोरीला दिले होते, घड्याळ लावून, चमचा मोजून. ताप हटत नव्हता. आणि एकट्या छकुलीचाच नाही. महिन्याभरात वॉर्डातले चार रोगी दगावून चार खाटा रिकाम्या झाल्या होत्या. लोक आता दवाखान्यासमोरून सरळ थडग्याकडे जात होते. "औषधातला राम गेला," असे तिच्या तोंडावर म्हणत होते, आणि रात्रंदिवस तिच्या मनाला तेच लागून राहिले होते. आपला हात तर चुकत नाही ना?

"आज पाणी आणल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस," सासूबाईंनी सकाळीच बजावले होते. "तुझी विद्या तुझ्यापाशी ठेव. माझी नात मला हवी आहे."

"आई, ते पाणी कशाचं आहे हे तरी—"

"औषध कशाचं आहे हे तुला ठाऊक आहे ना? मग उतरला का ताप?"

 म्हणून ती बाटली घेऊन आली होती. इतकी वर्षे लोकांना शहाणपण शिकवले आणि आज आपणच या रांगेत, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती. पण आईची लाज लेकराच्या तापापुढे किती टिकणार?

"या, या नर्सबाई!" उपदेशकाने मुद्दाम हाळी दिली. "बघा मंडळी, दवाखानाच दर्शनाला आला!"

तिने खाली मान घालून बाटली भरली. पोरीच्या तोंडी घालण्याआधी चाखून बघावे म्हणून एक थेंब जिभेवर टेकवला, आणि ती जागच्या जागी थबकली.

कडू, आणि त्या कडवटपणाला मागून पुसटशी आंबट चव. ही चव तिच्या जिभेच्या दहा वर्षांच्या ओळखीची होती. कोयनेलची पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून दवाखान्यात त्यात तेजाबाचे, म्हणजे आम्लाचे, मोजून थेंब टाकतात. तिने कानांवर हात दाबून बसलेल्या गवंड्याकडे पुन्हा पाहिले. कोयनेल जास्त झाले की रोग्याच्या कानांत घणघणाट होतो, हे तर ती वॉर्डात शिकलेली पहिली गोष्ट!

ती धावतच दवाखान्यात गेली. तिथली पद्धत अशी होती की कंपाउंडर नोकरी सोडून गेल्यापासून औषधाची मोठी बरणी उपदेशक कोठारातच कालवून पाठवी. डॉक्टरबाई रोज सकाळी त्यातला एक थेंब चाखत आणि "कडू आहे, ठीक आहे," म्हणून काम सुरू करत. तपकिरी बाटलीतून चमच्यात पडणाऱ्या औषधाचा रंग बघायला कुणाला सवड होती?

नर्सबाईने दोन स्वच्छ पेले घेतले. एकात दवाखान्यातले औषध ओतले, दुसऱ्यात थडग्याचे पाणी, आणि दोन्ही उन्हाच्या खिडकीत धरले. दवाखान्याचे औषध मळकट पिवळे दिसत होते. थडग्याच्या पाण्यावर मात्र निळी झाक चमकत होती.

डॉक्टरबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्या गोऱ्या, पण वीस वर्षांत इथली भाषा इथल्यासारखीच बोलत. "कोयनेलचीच झाक ही. आणि आपण पाजतोय तो कसल्यातरी सालीचा काढा. मी रोज चाखत होते गं! कडू म्हणजे औषध, एवढंच बघत होते."

"पोरीला काय देऊ?"

"हेच पाणी दे, वॉर्डालाही हेच. पुरावा हाती येईपर्यंत उपदेशकाला सुगावा नको. पण ओंजळीनं नाही. मी सांगेन तितके चमचे."

तिसऱ्या दिवशी हुडहुडीची वेळ आली आणि टळून गेली. छकुलीने पेज मागितली. सासूबाईंनी आनंदाने सगळी आळी डोक्यावर घेतली. "थोरले पाद्री पावले! नर्सबाईची लेक पाण्यानं उठली!"

उपदेशकाला आणखी काय हवे होते? धाकटे पाद्री बोटीवरून येऊन सहाच महिने झाले होते. त्यांना इथली भाषा येत नव्हती. उपदेशक सांगेल ती पूर्व दिशा. रविवारी उपदेशकाला पाद्रीपद द्यायचे त्यांनी ठरवून टाकले होते. त्या दिवशी थडग्यापाशी त्याने नर्सबाईला पुढे ओढले.

"सांगा बाई, लेक कशानं बरी झाली?"

सासूबाई समोर होत्या, सगळी आळी समोर होती. 

"याच पाण्यानं," ती म्हणाली. जयजयकार उठला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. "कारण या पाण्यात दवाखान्यातलं चोरलेलं कोयनेल आहे."

"काय म्हणते ती?" धाकट्या पाद्र्यांनी आपल्या भाषेत विचारले.

"प्रभूचे आभार मानते," उपदेशकाने भाषांतर केले.

"अजिबात नाही!" डॉक्टरबाई गरजल्या आणि त्यांनी खरे काय ते सांगितले.

नर्सबाईने तीन पेले भरले. पहिल्यात दहा पावलांवरच्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात दवाखान्याचे औषध, तिसऱ्यात थडग्याचे पाणी. "साहेब, जरा हलू नका," म्हणत तिने एकेक पेला धाकट्या पाद्र्यांच्या काळ्या झग्यासमोर उन्हात धरला. पहिल्या दोन पेल्यांत निळे काही दिसले नाही. तिसऱ्याच्या काठाशी निळी झाक उठली आणि गर्दी श्वास रोखून पुढे सरकली.

"निळा रंग ही तर स्वर्गाची खूण!" उपदेशक ओरडला.

"मग हीच खूण कोठारातल्या बंद पेटीत कशी?" डॉक्टरबाईंनी त्या पेटीतली कोयनेलची नवी पुडी फोडली, तेजाबाच्या थेंबांनी ती विरघळवली. तीच झाक दिसली.

इतक्यात कानात घंटा वाजलेला तो गवंडी थडग्यामागे उकिडवा बसला. "अहो, थडगं दोन वर्षांचं आणि हा सांधा ताजा, कालच पुन्हा लिंपलेला. चुना अजून नखानं निघतोय!" त्याने दगड ओढला. आत मातीचा माठ होता, माठाला पोकळ वेळूची नळी, आणि नळीचे तोंड दगडाच्या फटीत.

 उपदेशकाने घाम पुसला. "पण लोक बरे झाले की नाही? मी कुणाचं वाईट केलं?"

"बरे झाले ते कोयनेलनं. दवाखान्यात आले असते तरी झाले असते, फक्त तुमचं नाव झालं नसतं." नर्सबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "आणि माझ्या वॉर्डात चार जण गेले. त्यांना मी तुमचा काढा पाजला. माझ्या हातानं! त्यातल्या धोबिणीनं शेवटपर्यंत माझा हात धरला होता. बाई, तुमच्या हाताला गुण आहे, म्हणाली. थोरल्या पाद्र्यांनी मला अनाथाश्रमात वाढवलं. ते असते तर त्यांनी हा माठ आधी फोडला असता."

उपदेशकाने मान खाली घातली ती वर केली नाही. धाकटे पाद्री माठापाशी वाकले. मग ते म्हणाले, आणि या वेळी भाषांतर डॉक्टरबाईंनी केले, "मी मायदेशी या चमत्काराचं पत्र लिहिलं आहे. आज दुसरं लिहीन. चूक माझीही आहे. मी विचारलंच नाही."

खरे तर कुणीच विचारले नव्हते. डॉक्टरबाईंनी कडू चवीवर भागवले, लोकांनी घंटेवर. तडकलेली घंटा वाजते कशी, एवढे एकाने जरी पहिल्या दिवशी विचारले असते तरी ते चार जण वाचले असते. चमत्काराला श्रद्धा लागत नाही. त्याला फक्त न विचारणारी माणसे लागतात. तेव्हा विचारावे, मोठ्याने विचारावे, आणि उत्तर म्हणून कुणी ओंजळ पुढे केली तर ती आधी उजेडात धरावी.

संध्याकाळी नर्सबाई खऱ्या कोयनेलची बाटली घेऊन घरी आली. सासूबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. तिने चमचा भरून छकुलीच्या तोंडाशी नेला, तशी त्यांनी तिचे मनगट पकडले.

"थांब," त्या म्हणाल्या. "ऊन आहे अजून. पेल्यात ओत आणि दारात चल. आधी मला ते निळं दाखव."