सोळाव्या मजल्यावरचा रिसीव्हर

धनेश घाडीगावकरच्या नव्या घरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर तीन आठवडे खोक्यांतच पडून होते. सर्वांत मोठ्या खोक्यावर त्याची बायको दर्शना आता इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली होती. धनेश रोज ते कपडे उचलून पलंगावर नेऊन ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा खोक्यावरच सापडायचे.

अडलं होतं ते रिसीव्हरवर. टीव्हीतून आलेला आवाज घ्यायचा, पाच बाजूंना वाटायचा आणि कुठल्या स्पीकरला किती जोर द्यायचा ते ठरवायचं, हे सगळं काम त्या एका डब्याचं. तो नसेल तर बाकी सगळे मुके. आणि नेमका तोच धनेशला ठरवता येत नव्हता.

नायगावच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ फुटांच्या खोलीत, धनेशची पंचेचाळीस वर्षं गेली. तिथे टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांच्या टीव्हीत मिसळून यायचा. चाळीच्या जागी टॉवर झाला, सोळाव्या मजल्यावर घर मिळालं, दार लावलं की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. चावी घेतली त्याच दिवशी त्याने हॉलच्या भिंतीची लांबी टेपने मोजली होती. परळच्या एका हॉस्पिटलात तो एक्स-रे काढायचा. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मोबाइलवर रिसीव्हरच वाचत बसायचा. पाच चॅनेल की सात? छतातले स्पीकर पुढेमागे लावायचे झाले तर? एका माणसाने एक मॉडेल उत्तम म्हटलं की दुसरा खाली लिहायचा, सहा महिन्यांत तापतं. धनेश मग ते सोडून तिसऱ्याकडे वळायचा. जेवताना एकदा त्याने भाताऐवजी आमटीत मीठ घातलं, तेही दोनदा.

"भाई, सातवाला, सेव्हन पॉइंट टू घे आणि विषय संपव," हॉस्पिटलातला विकास म्हणाला. त्याच्या घरी दोन वर्षांपासून होम थिएटर होतं. "पाचवाला घेशील आणि सहा महिन्यांनी रडशील."

"हॉल लहान आहे रे."

"हॉल लहान आहे, पण मन मोठं ठेव ना."

शनिवारी धनेश लॅमिंग्टन रोडला गेला. गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर गुरुदत्त विजयकरांचं दुकान होतं. विजयकर पासष्टीचे, गिरगावातच जन्मलेले, शर्ट कायम खोचलेला. दुकानाच्या मागे जाड पडदे लावलेली ऐकायची खोली होती. धनेशने मोबाइलमधली यादी काढली आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागला. विजयकरांनी सगळे ऐकून घेतले.

"घरी ऐकणार कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही चौघं. मी, मिसेस, मुलगी आणि वडील."

"वडिलांचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"त्यांना ऐकू कसं येतं?"

धनेशला हा प्रश्न आवडला नाही. तो वॉटबद्दल विचारायला आला होता. "कमी येतं," तो म्हणाला. "पण ते काही पिक्चर वगैरे बघत नाहीत फारसे."

"बरं," विजयकर म्हणाले, आणि सात चॅनेलचा एक रिसीव्हर त्यांनी लावून दाखवला. पडद्यावर हेलिकॉप्टर आलं आणि धनेशच्या डोक्यावरून मागे निघून गेलं. त्याच्या अंगावर काटा आला. तरी तो म्हणाला, "विचार करून सांगतो." जिना उतरताना त्याला स्वतःचाच राग आला. काय विचार करायचा राहिला होता आता?

रविवारी दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची प्रिती दारात उभी होती. "सॉरी हां," ती म्हणाली, "पण माझी नाइट शिफ्ट असते, दिवसा झोपावं लागतं. तुमचा टीव्ही अगदी माझ्या उशाशी वाजतो." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. दर्शनाने माफी मागितली. आतल्या खुर्चीत धनेशचे वडील, आप्पा, रिमोट हातात घेऊन बसले होते. प्रितीचं बोलणं त्यांना ऐकू जायचं कारण नव्हतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती जायच्या आधीच त्यांनी टीव्ही बंद केला.

मंगळवारी धनेश लवकर घरी आला. लॅचने दार उघडलं तर हॉलमध्ये टीव्ही चालू होता आणि आवाज अजिबात नव्हता. आप्पा पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बघत होते. धनेश त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"आप्पा, आवाज का बंद?"

"कोणाक त्रास कशाक?" आप्पा म्हणाले. "बातमी वाचणारी काय सांगता ता माका सगळा कळता. ह्या पिक्चरातल्यांचा मात्र काय कळत नाय. तोंडा भलतीच हलतत."

धनेशने पडद्याकडे बघितलं. दक्षिणेतला पिक्चर होता, हिंदीत डब केलेला.

"हे कधीपासून चाललंय?" त्याने संध्याकाळी दर्शनाला विचारलं.

"प्रिती येऊन गेली तेव्हापासून आवाज पूर्ण बंद. त्याआधी हळूहळू कमीच करत होते." ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत. "चाळीत दिवसभर गॅलरीत बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. इथे कोणाचं तोंड दिसतं त्यांना? तू रोज त्यांच्या बाजूला बसून मोबाइलमध्ये स्पीकर बघतोस."

धनेश बाल्कनीत गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा बाल्कनीत गेला. आप्पांना कानात घालायचं मशीन घेऊन दिलं होतं. पंखा, कुकर, भांडी सगळंच एकदम अंगावर येतं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं होतं. त्यानंतर आपण विषयच काढला नाही, हे त्याला आठवलं आणि जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी तो आप्पांना घेऊन टॅक्सीने विजयकरांकडे गेला. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. "माका कशाक नेतंस?" ते दोनदा म्हणाले. जिन्यावर ते दर चार पायऱ्यांना थांबत होते.

विजयकरांनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि धनेशला म्हणाले, "सगळे स्पीकरवर ऐकतील आणि त्याच वेळी यांना हेडफोनमध्ये वेगळा, मोठा आवाज मिळेल, असं हवं. बरेच रिसीव्हर हेडफोन जोडला की स्पीकर बंद करतात. तुमच्या यादीतला हा एक दोन्ही चालू ठेवतो. बिनवायरचा हेडफोन आहे, बघू या."

सात चॅनेलचाच होता तो. धनेशचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपल्याला हवा तोच घेता येईल. विजयकरांनी एक मराठी पिक्चर लावला. एक बाई मुलाला रागावत होती. आप्पांनी हेडफोन लावला, क्षणभर बघितलं आणि काढून मांडीवर ठेवला.

"आप्पा, ऐकू येत नाही?"

"येता. पण तोंड आधी हलता आणि बोलणा मगे येता. माका गरगराक लागला."

धनेशने हेडफोन कानाला लावून बघितलं. त्याला काही फरक जाणवला नाही. विजयकरांनी स्वतः लावला, डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मग हळूच मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. बिनवायरचा आवाज थोडा मागे पडतो. सेकंदाचा दहावा भाग असेल नसेल. आमच्याकडे महिन्यातून एखाद्याला कळतं." ते आप्पांकडे वळले आणि तोंड स्पष्ट दिसेल असं बोलले, "तुम्ही काय काम करत होतात?"

"कापड विणूच्या साच्यार होतंय. लालबागच्या मिलात, एकतीस वर्षां," आप्पा म्हणाले. "शेकडो साचे एकदम धडाधडा चलत. थंय आवाजान कोण बोलतलो? सगळो कारभार तोंडा बघूनच. वीस हातांवरसून माका कळा, मुकादम कोणाक काय बोलता ता." ते हसले. "मुकादमाक म्हाईत नव्हता."

धनेशने हे कधी ऐकलं नव्हतं. वडील मिलमध्ये होते आणि मिलमुळे कान गेले, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

विजयकर आत गेले आणि दुसरा एक रिसीव्हर घेऊन आले. मागच्या वर्षीचा, पाच चॅनेलचा, त्यात छतातल्या स्पीकरची सोय नव्हती. "याला मागे दुसऱ्या खोलीसाठी वेगळी जोडणी आहे," ते म्हणाले. "तिचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. त्यातून वायर काढायची, मध्ये हा छोटा डबा, त्यावर बटण. आवाज मागे पडणार नाही." त्यांनी वायर जोडली आणि तीच बाई पुन्हा मुलाला रागावायला लागली.

या वेळी आप्पांनी हेडफोन काढला नाही. ते मागे टेकून बसले. बाई रागावून झाली, मुलगा रडला, बाईने कॅमेऱ्याकडे पाठ करून त्याला जवळ घेतलं आणि तशीच पाठमोरी शिंकली.

"शिंकली ती," आप्पा एकदम मोठ्याने म्हणाले.

"सात चॅनेल आणि ही जोडणी, दोन्ही असलेला नाही का एखादा?" धनेशने हळू आवाजात विचारलं.

"आहे. पण तो तुमच्या हॉलच्या आणि तुमच्या खर्चाच्या बाहेरचा आहे," विजयकर म्हणाले. "मी तो विकायला बसलो असतो तर पहिल्याच दिवशी दाखवला असता."

"दहा मिनिटांत येतो," म्हणून धनेश खाली उतरला. फुटपाथवर चार्जर, वायरी, रिमोटचे ढीग लागले होते. तो त्यांच्यामधून चालत कोपऱ्यापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं होतं तो क्षण त्याला सोडवत नव्हता. हेडफोनची सोय आणखी कशाने होईल, टीव्हीलाच काही जोडता येईल का, याचा त्याने उभ्याउभ्या मोबाइलवर शोध घेतला. एक जण म्हणत होता होईल, दुसरा म्हणत होता होणार नाही. त्याने विकासला फोन लावला.

"पाचवाला?" विकास ओरडला. "येडा झालास काय?"

"आप्पांना ऐकू येतं त्याच्यावर."

विकासचा आवाज खाली आला. "मग घे ना रे. मला कशाला विचारतोस?"

धनेश वर गेला. आप्पा अजून खुर्चीतच होते, पिक्चर पुढे सरकला होता. त्यांनी त्याला बघून हेडफोन थोडा वर उचलला. "तुका होया ता घे," ते म्हणाले. "माझ्यासाठी नको. मी किती दिवस बघतलंय?"

"मला हाच हवा," धनेश म्हणाला. ते पूर्ण खरं नव्हतं. आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्याला वाटलं की त्यांना तेही कळलं असणार. त्यांनी हेडफोन पुन्हा कानावर ठेवला.

जोडाजोडीत रविवारचा सगळा दिवस गेला. मुलगी श्रेया वायरींना कागदाचे तुकडे चिकटवून नावं लिहीत होती. एक स्पीकर उलटा जोडला गेला, तो शोधायला तास गेला. खाली प्रितीपर्यंत घुमारा जाऊ नये म्हणून सबवूफरखाली धनेशने रबराचं जाड जाजम घातलं आणि त्याचा जोर अगदी खाली आणला. संध्याकाळी चौघं बसले. श्रेयाने निवडलेला चोर-पोलिसांचा पिक्चर होता, पावसाळ्यातला.

आप्पांच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना समजत नव्हतं. "ह्यो खोटा बोलता!" ते ओरडले. चोर अजून कोणाला कळलाही नव्हता. श्रेया हसून लोळली. "आजोबा, सांगू नका ना!" थोड्या वेळाने पिक्चरमध्ये कोणीतरी जिना चढत होतं, तर आप्पांनी मान वळवून आपल्याच दाराकडे बघितलं. मग वायरवरचं बटण फिरवून स्वतःच आवाज जरा कमी केला.

पत्र्यावर पाऊस पडायचा प्रसंग आला. धनेशला पाऊस पुढून आला, डावीकडून आला, मागून आला. वरून आला नाही. त्याला ते खटकलं. त्याने छताकडे एकदा बघितलं, दर्शनाने त्याच्याकडे बघितलं, आणि तो पुन्हा पिक्चरमध्ये लक्ष घालायचा प्रयत्न करू लागला. आप्पांच्या शेरेबाजीमुळे शेवटची दहा मिनिटं कोणालाच धड ऐकू आली नाहीत.

पिक्चर संपल्यावर आप्पांनी हेडफोन काढून कान चोळले. दोन्ही कान लाल झाले होते.

"कसा वाटला?" धनेशने त्यांच्यासमोर बसून विचारलं.

"पोलीस झालेलो तो बरो होतो. बाकीची नुसती बडबड," आप्पा म्हणाले. मग श्रेयाकडे वळून त्यांनी विचारलं, "उद्या खयचो लावतलंस गो?"