तिसऱ्या माणसाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी निळी सात आसनी गाडी आहे. अमेरिकेतल्या वायेहो गावात एफ्रेन मनालोच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली उभी असते. बॅटरी कधीच उतरली आहे. तरी बारा वर्षे मी रोज पहाटे सान फ्रान्सिस्कोला जाऊन संध्याकाळी परत येत असे.

एफ्रेन तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होता, त्याची बायको लिगाया रुग्णांची सेवा करी आणि शेजारचे दोमिंगकाका तिथेच स्वयंपाकी होते. तिघेही फिलिपिन्सहून आलेले. हमरस्त्यावर सगळ्यात डावीकडे एक लेन असते. गाडीत तीन माणसे असतील तरच सकाळी तिच्यातून जाता येते. बाजूच्या लेनमध्ये गाड्या मुंगीसारख्या सरकत असताना मी मात्र भरधाव निघून जाई. मला त्याचा फार अभिमान वाटे.

काका मधल्या रांगेत खिडकीशी बसत. मांडीवर कागदी पिशवीत गरम पाव असत. एफ्रेन खाली उतरून त्यांच्यासाठी दार उघडी, हात धरून वर घेई.

मग काका निवृत्त झाले. आता तिसरे माणूस कुठून आणायचे? नेहमीच्या लेनने एक तास जास्त लागे. महिन्याभरात एफ्रेनला उशिराबद्दल दोनदा तंबी मिळाली. तेव्हा काकाच म्हणाले, "मी येतो की. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा तुमची भांडणं ऐकेन."

"दिवसभर तिथं काय करणार, काका?" लिगायाने विचारले.

"बागेत बसेन. डोकीच मोजतात ना? माझं अजून जागेवर आहे."

अशी तीन वर्षे गेली. पहिले काही महिने दोघे त्यांचे रोज आभार मानत. मग ते अंगवळणी पडले. एफ्रेन उतरेनासा झाला. काकांच्या दारासमोर तो नुसता हॉर्न वाजवी. तो हॉर्न माझाच होता, मित्रांनो.

नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी काका फार सावकाश आले. चढताना त्यांनी माझे दार दोन्ही हातांनी धरले.

"काका, बरं नाही का वाटत? राहू दे आज," लिगाया म्हणाली.

एफ्रेन घड्याळाकडे बघत होता. "आज उशीर झाला तर मला घरीच बसवतील," तो पुटपुटला.

"चल रे. बसायचंच तर काम आहे," काका म्हणाले.

लिगाया आदल्या दिवशी दोन पाळ्या करून आली होती. पुढच्या सीटवर तिला लगेच झोप लागली. वाटेतले रिचमंड गाव मागे पडले आणि काका हळूच म्हणाले, "एफ्रेन, जरा बाजूला थांबतोस का?"

"आता या लेनमधून बाहेर पडलो तर परत घुसायला अर्धा तास जाईल, काका. वीस मिनिटं कळ काढा."

"बरं," काका म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात माणसाचा श्वास ऐकू येत नाही, पण तो आसनाला कळतो. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे माझ्या आसनाला तो कळेनासा झाला. पट्ट्याने काकांना ताठ बसवून ठेवले होते. एक मोटरसायकलवाला पोलीस शेजारी आला. त्याने आत डोकावून बोटाने मोजले, एक, दोन, तीन, आणि मान हलवून पुढे गेला. माझ्याजवळ हॉर्न होता, पण तो मला वाजवता येत नव्हता.

आम्ही वेळेवर पोहोचलो.

"झोपेतच गेले. त्रास झाला नाही," लिगायाने काकांच्या मुलीला फोनवर सांगितले. एफ्रेन शेजारी उभा होता.

त्यानंतर तो गर्दीच्या लेनमधून जाऊ लागला. एका शेजारणीने बरोबर यायची तयारी दाखवली. त्याने नको म्हटले. पुढे त्याची नोकरी गेली, तेव्हाही त्याने कुणाला दोष दिला नाही. तरीही तो लिगायाला रोज कामावर सोडी. चार महिन्यांनी एकदा आम्ही रिचमंडपाशी कोंडीत अडकलो होतो. स्टिअरिंगवरचे हात न हलवता त्याने तिला सांगितले, "काकांनी मला थांब म्हटलं होतं. इथंच."

लिगाया समोर बघत म्हणाली, "मला उठवायचं होतंस."

पुढची गाडी सरकली, मागच्यांनी हॉर्न वाजवले. एफ्रेनला गिअर टाकता येईना. शेवटी तिने त्याला बाजूला बसवले आणि मला शहरापर्यंत नेले.

ती दोघे अजून एकत्र राहतात. एकमेकांशी नीट बोलतातही. पण त्या दिवसानंतर तिने एफ्रेनबरोबर जायचे सोडले, ती बसने जाते. त्यानेही मला पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, गाडीने काळजी घ्यायला सांगायचे ते तेलपाण्याची, चाकांतल्या हवेची. ते तुम्ही कराल. मला दुसरेच मागायचे आहे. मागे बसलेल्या कुणी हळू आवाजात थांब म्हटले, तर थांबा. उशीर होऊ दे.