राजपुत्र चर्चला जातो

वळू घोडा गावोगाव फिरवणाऱ्या माणसानं शनिवारी संध्याकाळी कुणाच्या दारात येऊन उभं राहू नये. ही साधी रीत डिनी क्विलिगनला कळत नव्हती असं नाही. कळत होती, म्हणूनच तो मेला बरोबर शनिवारी यायचा. रविवार शब्बाथ, काम बंद, प्रवास बंद. म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत घोडा आणि घोड्याचा मोतद्दार दोघंही यजमानाच्या जिवावर जेवणार. स्कॉटलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या टायरीच्या सगळ्या पठारावर कुणाच्या घरी मटण वातड शिजतं आणि कुणाच्या घरी लोण्याला हात आखडत नाहीत, हे त्या आयरिश माणसाला स्वतःच्या घोड्याच्या वंशावळीपेक्षा पक्कं पाठ होतं.

"गुरुवारी ये म्हणून निरोप धाडला होता तुला," ग्रिझेल टेलफर दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"निघालो होतो हो बाई गुरुवारीच. पण वाटेत राजपुत्राचा पाय मुरगळला."

"कुठला पाय?"

डिनीनं घोड्याच्या चारही पायांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आता बरा झालाय," तो म्हणाला.

घोडा मात्र होता बघण्यासारखा. क्लाइड्सडेल जातीचा, दारातून आत यायचा तर चौकट काढावी लागेल असा, गुडघ्याखाली पांढऱ्याशुभ्र केसांचे झुबके, आयाळीत लाल फिती गुंफलेल्या. नाव 'पीबल्सचा राजपुत्र'. लोहाराच्या भिंतीवर त्याची जाहिरात डकवली होती, ती ग्रिझेलनं मुलाकडून, वॉटीकडून, वाचून घेतली होती, आणि मग पुन्हा वाचून घेतली होती. बाप कोण, आजा कोण, आईची आई कोण. "आपल्या पाद्र्याला विचार बरं आजीच्या आईचं नाव," ती वॉटीला म्हणाली होती. "बघ कसा चाचरतो ते."

तिला हा घोडा हवा होता तो जीनसाठी. जीन म्हणजे तिची म्हातारी घोडी. जीनची आई स्कॉटलंडहून गलबतात आली होती, पोटाखाली कॅनव्हासचा झोळा बांधून टांगलेली, आणि वादळात ग्रिझेल रात्र रात्र तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हा नवरा म्हणाला होता, "माझं डोकं कधी धरलं नाहीस असं." त्यावर तिनं उत्तर दिलं होतं, "तुझ्या पोटी शिंगरं होणार आहेत का?" नवरा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. घोडीचं कूळ मात्र राहिलं होतं, आणि ते एकट्या जीनवर येऊन टेकलं होतं. गेले दोन वसंत ती फळली नव्हती. या वसंतात नाही फळली, तर पुढे आशा नाही, हे डोळ्यांत पाणी न आणता ग्रिझेल स्वतःला रोज सांगायची.

शनिवारी संध्याकाळी फळीच्या आडून जीनला घोडा दाखवला. जीननं कान मागे टाकले आणि फळीला अशी लाथ हाणली की डिनी शेणात बसला. "अजून माजावर नाही आली," तो बसल्या बसल्या म्हणाला.

रविवारी टेलफरांच्या घरात पडदे ओढलेले असायचे. बटाटे आदल्या दिवशी सोललेले, बूट आदल्या दिवशी पुसलेले, आणि कोंबडा पहाटेपासून टोपलीखाली झाकलेला, कारण शब्बाथच्या दिवशी त्यानं कोंबड्यांमागे धावलेलं ग्रिझेलला खपत नसे. मागच्या वर्षी ॲडम प्रिंगलनं रविवारी दारात बसून वाटाणे सोलले, तर तिनं त्याला चर्चच्या पंचांपुढे उभा केला होता. आणि प्रिंगल स्वतः पंच! तेव्हापासून तो तिच्या कुंपणावरून रविवारी जरा हळूच गाडी न्यायचा, डोळे बारीक करून.

डिनी स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा पोरीज वाढून झाली होती.

"बाई, घोडी तयार झाली. शेपूट बाजूला घेऊन उभी आहे. सारखी हाका मारतेय."

"आज वार कुठला?"

"रविवार. पण हे घोडीला कुणी सांगितलंय?"

"माझ्या घरची घोडी आहे ती. सांगावं कशाला लागतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, गेल्या वर्षी सकाळी माजावर आली आणि जेवणवेळेला उतरली? उद्यापर्यंत कुठली थांबतेय! आणि उद्या उजाडता मला नदीपलीकडे निघायलाच हवं. तिकडे सगळ्यांना वेळ दिलेली आहे. मग हंगाम संपेतो इकडे फेरी नाही."

वॉटी चाळिशीला आला होता, पण आईपुढे बोलायचं तर आधी चमचा खाली ठेवायचा. त्यानं चमचा खाली ठेवला. "आई, दयेचं काम शब्बाथला चालतं. मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढतातच की."

"जीन खड्ड्यात पडलीय?"

"नाही."

"मग गीळ ती पोरीज."

पण तिनं स्वतःच्या पोरीजमध्ये मीठ घातलं, चव घेतली, आणि पुन्हा मीठ घातलं. वॉटीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. कुंपणापलीकडून प्रिंगलची गाडी गेली, हळू.

"जीनला गाडीला जुंप," ग्रिझेल उठत म्हणाली. "आपल्याबरोबर चर्चला येईल. घरी ठेवली आणि मागे काही झालं, तर तो प्रिंगल म्हणेल मीच मुद्दाम ठेवली. आणि डिनी, तूही चल."

"मी? अहो बाई, मी रोमन कॅथलिक! आमचं चर्च डोंगरापलीकडे आहे."

"देव डोंगराच्या अलीकडेही असतो. माझं अन्न खाल्लंस, आता माझं प्रवचन ऐक. माझ्या मागे माझ्या घरात कुणी रिकामा बसणार नाही."

"मालकानं बजावलंय, घोडा एकट्याला सोडायचा नाही म्हणून."

"मग त्यालाही आण. कानावर चांगलं काही पडलं तर बिघडत नाही त्याचं."

अशी ती वरात निघाली. पुढे ग्रिझेलची गाडी, काळा रेशमी झगा, काळी छत्री, मान ताठ. जीन चार पावलं चालायची, थांबायची, आणि मागे वळून अशी खिंकाळायची की वॉटीचे कान लाल व्हायचे. मागे बऱ्याच अंतरावर राजपुत्र. तो अर्धा रस्ता मागच्याच पायांवर चालला, आणि डिनी त्याच्या लगामाला वाळत घातलेल्या शर्टासारखा लोंबकळत होता. वाटेतल्या साऱ्या गाड्या कडेला थांबल्या. आयांनी मुलींची तोंडं काटेरी गॉर्सच्या कुंपणाकडे वळवली. बाप लोक मात्र घोड्याच्या पाठीचं कौतुक करत राहिले.

चर्चपाशी ग्रिझेलनं स्वतः उभं राहून बांधाबांध करून घेतली. जीन गाडीतून सोडून उत्तरेच्या कुंपणाला, राजपुत्र दक्षिणेच्या खांबाला. "मध्ये देवाचं घर," ती म्हणाली. "याहून भक्कम भिंत मला ठाऊक नाही."

डिनी बाकावर तिच्या शेजारी बसला. नरकाच्या काठावर बसवल्यासारखा तो टोपी पोटाशी धरून बसला होता. प्रवचन झालं. मग मोठी प्रार्थना आली. त्या चर्चची जुनी रीत अशी, की गाताना बसायचं आणि प्रार्थनेला उभं राहायचं, डोळे घट्ट मिटून. प्रार्थना चालू असताना कुणी डोळे उघडले किंवा जागा सोडली, तर त्याला पंचांपुढे जावं लागे. हा ठराव प्रिंगलनंच मांडला होता.

पाद्री महाराणीच्या तब्येतीसाठी विनवत होते तेवढ्यात बाहेर दोर तुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक फळी मोडली.

डिनी ताडकन वळला. ग्रिझेलनं डोळे न उघडता त्याच्या कोटाचा मागचा पदर मुठीत धरला.

"बाई, घोडा..."

"प्रार्थना चाललीये."

"अहो, सुटला तो!"

"डोळे मीट."

पहिल्या खिडकीत अंधार झाला आणि गेला. मग दुसऱ्या खिडकीत. मग तिसऱ्या. मिटल्या पापण्यांतूनही सगळ्यांना कळलं की काहीतरी भलं मोठं दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालंय. जीननं साद घातली. त्या सकाळची तिची ही सर्वांत गोड साद होती.

डिनीच्या कोटाचा पदर अजून ग्रिझेलच्या मुठीत होता. या क्षणी मूठ सोडली, तर डिनी धावेल, घोडा आवरेल, आणि शब्बाथ वाचेल. मूठ आवळली तर कूळ वाचेल. तिनं मूठ आवळली. 'देवा,' ती मनात म्हणाली, 'मी काही बघत नाहीये. तूही जरा तिकडे बघ.'

पलीकडच्या बाकावरून बूट वाजले. प्रिंगलचे बूट ती कुठेही ओळखत असे. डावा करकरायचा. तिनं मोकळ्या हातानं छत्री आडवी करून वाट अडवली.

"ॲडम प्रिंगल," ती कुजबुजली. ग्रिझेलची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जात असे. "प्रार्थनेतून कुठे निघालास?"

बूट थांबले.

व्यासपीठाची बाजू उत्तरेच्या खिडकीकडे होती. पाद्र्यांनी एक डोळा किंचित उघडला. तो लगेच मिटला, पण तोंडातलं वाक्य हरवलं. आता 'आमेन' म्हटलं, तर दोनशे डोळे एकदम उघडणार, त्यात शाळेच्या मुली, त्यात त्यांची स्वतःची बायको. बिचारे महाराणीपासून निघाले ते पुन्हा महाराणीपर्यंत आले. मध्ये समुद्रावरचे खलाशी झाले, चीनमधले धर्मप्रचारक झाले, बटाट्यांवरची कीड झाली. बाहेरची फळी करकरली, की पाद्र्यांचा आवाज चढायचा. एकदा तर ते जवळजवळ ओरडलेच, "आणि विधवांना धीर दे!"

मग बाहेर शांत झालं. गवत खाल्ल्याचा कुरुकुरु आवाज येऊ लागला.

"आमेन," पाद्री म्हणाले आणि व्यासपीठाला धरून उभे राहिले.

सगळे बाहेर आले तेव्हा राजपुत्र जीनच्या बाजूला चरत होता. आयाळीतली एक फीत त्याच्या डोळ्यावर आली होती. जीन एका पायावर भार टाकून, ओठ लोंबते सोडून, सूर्याकडे तोंड करून उभी होती. स्वतःच्या नवऱ्याच्या घरात ग्रिझेलनं अशी विश्रांती कधी घेतली नव्हती.

"ग्रिझेल टेलफर!" प्रिंगलचा चेहरा बीटासारखा झाला होता. "देवाच्या भिंतीला लागून शब्बाथ मोडलास तू!"

"मी? मी तर प्रार्थनेत उभी होते. मध्येच निघालास तो तू."

"पण इथं... इथं जे झालं..."

"काय झालं रे?"

"तुला ठाऊक आहे काय झालं!"

"मला कसं ठाऊक असणार? माझे डोळे मिटलेले होते. तुझे उघडे होते का, ॲडम? पंच असून?"

प्रिंगल पाद्र्यांकडे वळला. पाद्री खूप वेळ जाजमाचा एक धागा झग्यावरून काढत राहिले. "कुणी," ते शेवटी म्हणाले, "कुणी प्रार्थनेत डोळे उघडून काही पाहिलं असेल, तर पुढे यावं."

पुढे कोण येणार? शेतकरी टोप्या चाचपू लागले. बायकांनी मुलांची नाकं पुसली. मागून कुणीतरी म्हणालं, "घोडा मात्र झकास आहे हं," आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

डिनी मात्र रडवेला झाला होता. त्याच्या कोटाचा मागचा पदर शिवणीतून उसवून ग्रिझेलच्या मुठीतच राहिला होता. "बाई, मालकाला काय सांगू? नजरेआड सुटलाच कसा म्हणून विचारील. मी तर धावणार होतो. तुम्हीच धरून..."

ग्रिझेलनं तो तुकडा नीट घडी करून त्याच्या हातावर ठेवला. जीनकडे एकदा पाहिलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"डिनी क्विलिगन, तू खादाड आहेस, थापाड्या आहेस, आणि तुझ्या मुरगळलेल्या पायावर माझा काडीचा विश्वास नाही. पण आज अख्ख्या टायरीत स्वतःचं संकट दारात असताना प्रार्थनेतून न हललेला माणूस तू एकटाच निघालास. तुझ्यासारखा भाविक मी जन्मात पाहिला नाही. मालकाला हेच सांग. आणि पुन्हा कुणी धरलं-बिरलं म्हणालास, तर तुला धरून आमच्याच चर्चचा पंच करून टाकीन!"