पिर्ली इथं कोणी नाही

दारातला माणूस म्हणाला, "मी कॅलम पिर्ली, न्यूझीलंडहून आलोय," आणि टीनी मेअरने आधी आपला उजवा हात ॲप्रनखाली घेतला. मग त्याला केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. बूट चांगले होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टगेलनमध्ये चांगले बूट घालून एक तर पाद्री यायचा, नाही तर काहीतरी मागायला आलेला माणूस. आणि पाद्री तिच्या ओळखीचा होता.

"पोस्टातल्या बाईंनी पाठवलं. कबरस्तानाची किल्ली तुमच्याकडे असते म्हणाल्या. तिथला दगडन् दगड तुम्हाला पाठ आहे म्हणे."

"ती बाई दोन वर्षांमागे आलीय इथं. तिला काय कळतंय?"

पण टीनीने त्याला आत घेतलं. बाहेर सोडला असता तर तो दुसऱ्या कोणाच्या दारात गेला असता, आणि तिथं त्याला सगळं कळलं असतं.

त्याच्या काखेत पत्र्याचं एक लांब नळकांडं होतं. बसताना त्याने ते खाली ठेवलं नाही, मांडीवर आडवं घेतलं. हल्ली लोक आपल्या म्हाताऱ्यांना जाळतात आणि राख कशाकशात भरून जगभर फिरवतात, हे तिने ऐकलं होतं.

आता टीनीला एवढी धास्ती का, ते सांगायला हवं. पोर्टगेलनमध्ये चारातले तीन लोक मेअर. एके काळी अलेक्झांडर मेअर नावाचे चौदा जण एकाच धक्क्यावरून मासेमारीला जायचे. म्हणून प्रत्येक घराला एक हाकेचं नाव. दुकानात तेच, होडीवर तेच. मेअर हे फक्त बारशाला आणि दगडावर. टीनीच्या घराचं हाकेचं नाव पिर्ली. पिर्ली म्हणजे इथल्या बोलीत करंगळी. तिच्या आजोबांची करंगळी तळहातात वळलेली होती, वडिलांची तशीच, आणि टीनीचीही.

वडिलांचा थोरला भाऊ अलेक्झांडर नव्वद वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेला. जायच्या आधी त्याने आईसाठी कबरीची जागा घेतली. कागद त्याच्या नावावर. तळाला ती आजी, तिच्यावर टीनीची आई, आणि सगळ्यात वर एकाची जागा शिल्लक. वडिलांना समुद्राने नेलं, त्यांना कबरच नाही. टीनीने लग्न केलं नव्हतं. आईशेजारी नाही, आईच्या वर का होईना, पण तिच्याजवळ निजायचं, एवढी एकच गोष्ट तिला या जगाकडून हवी होती. चाळीस वर्षं ती दर वसंतात तो दगड घासत होती. पण कागदावर आजही अलेक्झांडर. कौन्सिलच्या ऑफिसात एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. जागा त्याच्या वंशाची, असं तिथल्या मुलीने तिला गोड आवाजात सांगितलं होतं.

"त्यात काय आहे?" टीनीने नळकांड्याकडे हनुवटी केली.

कॅलमने झाकण काढलं. आतून नकाशा निघाला. टीनीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. राख आणली नाही, म्हणजे आधी जागा बघून जाणार आणि मग राख येणार. पाणी मुरतंय ते मुरतंयच.

नकाशावर लाल टिंबं होती. "सगळ्या जगात आम्ही एकोणीस पिर्ली," तो म्हणाला. "बारा डुनेडिनला, चार इन्व्हरकार्गिलला, दोन टास्मानियात, एक व्हँकूवरला. सगळे माझ्या आजोबांचे. आजोबा म्हणायचे, आपण पोर्टगेलनचे. आणि स्कॉटलंडमध्ये एक टिंब नाही! फोनची पुस्तकं चाळली, चर्चच्या जुन्या वह्या चाळल्या. बाबा म्हणायचे, कोणा फ्रेंच सरदारणीचं नाव होतं, 'पर्ल' म्हणजे मोती, त्यावरून आलेलं."

टीनीला हसू आवरेना, म्हणून तिने खोकल्याचं निमित्त केलं. मोती म्हणे! तिला सगळं दिसलं. बोटीवरच्या कारकुनाने विचारलं असणार, "नाव?" आणि अलेक्झांडरने सांगितलं असणार, "पिर्ली." पंचवीस वर्षांत दुसरं नाव त्याला कोणी विचारलंच नव्हतं. असली चूक पोर्टगेलनचाच माणूस करणार. म्हणून जे गेले ते कागदावर पिर्ली झाले आणि जे राहिले ते मेअर.

"पुस्तकात नाही म्हणजे नाहीच," ती म्हणाली. "पिर्ली इथं कोणी नाही. ऐकलंसुद्धा नाही कधी. तुमचे आजोबा दुसऱ्या कुठल्या बंदराचे असतील. म्हाताऱ्या माणसांचं काय, काहीही बोलतात."

तेवढ्यात शेजारची एल्सी दार ढकलून आत आली. "अगं पि..."

"एल्सी! तुझं दूध उतू गेलं. इथपर्यंत वास येतोय."

"मी दूध ठेवलंच नाही."

"मग दुसरं काहीतरी जळतंय. जा आधी!"

एल्सी पाहुण्याकडे बघत बघत, पाय ओढत गेली. टीनीने ओटकेकची बशी त्याच्यापुढे सरकवली, ती डाव्या हाताने. त्याने बशीकडे पाहिलं, मग ॲप्रनकडे पाहिलं. ह्यालाही संशय आलाय, टीनीच्या मनात पाल चुकचुकली.

"तरी एकदा कबरस्तान बघून जातो," तो म्हणाला.

"चला, मीही येते. फाटक अडतं."

फाटक अजिबात अडत नव्हतं.

कबरस्तानात तो एकेक दगड वाचत चालला आणि टीनी डोळ्यांत तेल घालून मागे. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. तिच्या आईच्या दगडापाशी तो आला. मार्गरेट मेअर, वाचलं आणि पुढं गेला. देवा, तुझे उपकार, टीनी मनात म्हणाली. आता दहा मिनिटांत हा बसमध्ये बसेल.

शेवटच्या रांगेपाशी कॅलमने हात झटकले. "मेअर, मेअर, मेअर. मेंढ्यांच्या कळपासारखं झालंय. ह्यातला कोण कोणाचा, हे ह्यांचं ह्यांना तरी कळत होतं का?"

"मेंढ्या?" टीनीचं डोकंच फिरलं. "मेंढ्या कोणाला म्हणता हो? इकडं या. या म्हणते ना! हा अलेक्झांडर बोसन. हा अलेक्झांडर कॅरट, काय लाल केस होते! ही कॅरटची बहीण, दिली होती लाँगांच्या घरात. हा शाय, जन्मात कोणाशी बोलला नाही आणि मेला कुठं, तर जत्रेत! आम्हाला अंधारात खोकल्यावरून माणूस कळतो. हा डंपी, ही डंपीची जेसी, आणि ही पिर्ली, माझी आ..."

तिने जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत येत नाही. कॅलम जागच्या जागी उभा राहिला.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"पिर्ली म्हणालात."

"म्हणाले तर म्हणाले!" टीनी ओरडली, आणि ॲप्रनखालून हात काढून तिने वळलेली करंगळी त्याच्या नाकासमोर धरली. "हा बघा तुमच्या फ्रेंच सरदारणीचा मोती! करंगळी. ह्यावरून आलंय नाव. तुमचा आजोबा अलेक्झांडर म्हणजे माझ्या बापाचा भाऊ. जागा त्याची, कागद त्याचा, कायद्याने तुमची. एक जागा उरलीय. आता बोला, कोणाला घालायचंय इथं? आणलंय, का मागून पार्सल येणार आहे?"

कॅलमने स्वतःची करंगळी पाहिली. ती सरळ होती. "माझ्या बहिणीची आहे अशी," तो हळूच म्हणाला. मग त्याला बाकीचं उमगलं. "बाबा डुनेडिनला आहेत, आईशेजारी. मीही तिथंच जाणार. मला इथं कोणालाच घालायचं नाहीये, आत्या."

आत्या. टीनीला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिने त्याचा चेहरा नीट तपासला. असले गोड शब्द वापरून लोक काय काय काढून घेतात, हे तिला माहीत होतं.

"मग ही जागा तुम्हालाच ना?" त्याने विचारलं. "आणि पहिली दोरी कोणाकडे आहे?"

"तुला काय ठाऊक दोरीचं?" ती एकदम अरेतुरेवर आली.

"आजोबांनी तेवढं सोडलं नाही. शवपेटी आठ दोऱ्यांनी कबरीत उतरवायची, डोक्याकडची पहिली घरच्याच माणसाच्या हातात. तिकडं लोक हसतात आम्हाला."

आपल्या पेटीच्या सात दोऱ्यांची नावं टीनीने केव्हाच लिहून ठेवली होती. एल्सीचे दोन मुलगे, बोसनचे तिघे, शायचा नातू, पोस्टमन. पहिलीसाठी तिने पेट्या करणाऱ्या सुताराला सांगितलं होतं, तुझा कोणी माणूस लाव. ते सांगताना तिची मान खाली गेली होती आणि आजही ते आठवलं की तिला रडू यायचं.

"मी येईन," कॅलम म्हणाला. "फक्त तार करायला सांगा. पोचायला तीन दिवस लागतील."

"सगळे असंच म्हणतात. आणि कागद?"

"तो तुमच्या नावावर करून देतो."

"कधी?"

"आजच."

"मग लिही आत्ता. इथंच. दोरीचंही लिही."

त्याने वहीचं पान फाडून दगडावर टेकवून लिहिलं. टीनीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि घडी करून झग्यात खोल खुपसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"डोक्याकडची, लक्षात ठेव. पायाकडची नाही," ती म्हणाली. "आणि सावकाश सोड. खाली माझी आई आहे."