एक जंपर कमी

त्याला शाळेपासून सगळे भिंगरी म्हणायचे, कारण तो कधी एका जागी बसायचा नाही. पस्तिशी आली तरी लिफ्ट कंपनीतले लोक त्याच नावाने हाक मारत आणि तोही खुशीने ओ देई. कामात मात्र वाकबगार. बिघडलेली लिफ्ट नुसती कान देऊन ऐकायचा आणि कुठे अडकतंय ते सांगायचा. हातातला स्क्रूड्रायव्हर दोन मिनिटांपूर्वी कुठे ठेवला, हे मात्र त्याला उभ्या जन्मात सांगता आलं नसतं.

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा तो पहिल्यांदा हॉस्पिटलात गेला. नऊ दिवस जवळजवळ झोपलाच नव्हता. नवव्या दिवशी भर चौकात उभा राहून गाड्यांना वाट दाखवत होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बायपोलर आहे. कधी आकाश ठेंगणं होईल, कधी अंथरुणातून पाय खाली टेकवणं जड जाईल. रात्रीची गोळी चुकवायची नाही. त्याने चुकवली नाही. आठ वर्षं सगळं ठीक चाललं, पण विसरणं, अर्धवट कामं आणि बोलता बोलता भलतीकडे जाणं काही थांबलं नाही. मग पुन्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एडीएचडीही आहे. लहानपणापासूनच असणार. दोन्ही आहेत." सकाळची एक छोटी गोळी वाढली, लक्ष टिकण्यासाठी. "पण रात्रीची आहे तोवरच ही, एकटी घेतली तर उलटेल," असं त्यांनी दोनदा बजावलं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा कापायची. तिला शब्द पाठ झाले, औषधांची नावं पाठ झाली, पण एक कोडं सुटेना. तो गॅस चालू ठेवून बाहेर गेला, तर हे नेहमीचं विसरणं की ते परत येतंय? तो भराभरा बोलतोय, ते सवयीने की वर चढतोय म्हणून? नवऱ्याच्या प्रत्येक वागण्याला दोन अर्थ होते, आणि चुकीचा धरला तर भांडण ठरलेलं.

त्या आठवड्यात तो शीळ घालायला लागला. मंगळवारी त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून उंचीप्रमाणे लावले आणि अर्ध्यावर सोडून खिडकीच्या बिजागऱ्या काढायला बसला. बुधवारी ती उठली तेव्हा तो अंघोळ करून, बूट घालून, दाराशी बसला होता.

"झोपलास का?" तिने विचारलं.

"झोपलो की. चार तास. हल्ली तेवढे पुरतात मला."

"गोळी घेतोयस ना?"

"घेतोय." त्याने सकाळची गोळी जिभेवर ठेवून दाखवली, लहान मुलासारखी. "बघ. आता मी माणसासारखा हसलो तरी तुझ्या पोटात गोळा येणार का?"

तिला लाज वाटली. पुढे कितीतरी दिवस तिला तो एकच प्रश्न छळत राहिला: मी रात्रीची गोळी का नाही मोजली?

गुरुवारी तो एकटाच कामाला गेला. त्याच्याबरोबर नेहमी असायचे ते नाना, कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक, त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं. चार इमारतींची तपासणी दिवसभराची होती. तो दुपारी एकला घरी हजर. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

"चारही झाल्या!" तो दारातूनच म्हणाला. "नानांना दोन दिवस लागले असते. मला सगळं दिसतं गं हल्ली, आरपार. पॅनेल उघडायच्या आधीच दिसतं."

त्याने हत्यारांची पिशवी टेबलावर उपडी केली. पकडी, टेस्टर, चिकटपट्टी आणि दोन्ही टोकांना लाल चिमटे असलेली एक आखूड वायर.

ती वायर तिला माहीत होती. लिफ्टची सगळी दारं बंद असल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. तपासणीपुरता तो अटकाव बाजूला सारायला मेकॅनिक पॅनेलमध्ये ही वायर लावतात. जंपर म्हणतात तिला. काम संपलं की ती काढायचीच, नाहीतर दार उघडं असतानाही लिफ्ट चालू लागते. त्याच्याकडे जंपर दोन होते. विसरभोळेपणामुळे नानांनीच त्याला शिस्त लावली होती: दुसऱ्या इमारतीत पाय ठेवण्याआधी दोन्ही हातात धरून बघायचे.

"दुसरा कुठाय?" तिने विचारलं.

"असेल गाडीच्या डिकीत."

ती खाली जाऊन बघून आली. डिकी रिकामी होती.

"मग खिशात असेल. अगं, मी काढला तो."

"कुठल्या इमारतीत?"

शीळ थांबली. त्याने डोळे मिटले, बोटं हवेत हलवली, एकेक पॅनेल मनात उघडत असल्यासारखी.

"चारही एकच होऊन गेल्यात," तो हळूच म्हणाला. आणि लगेच हसला. "पण मी विसरणार नाही. आत्ता तर नाहीच. आत्ता माझी चूक होऊच शकत नाही."

तेच हसणं तिने चौकात पाहिलं होतं.

"रात्रीची गोळी कधी बंद केलीस?"

"माझे हात थरथरायचे तिच्याने! बारीक स्क्रू धरता येत नव्हते!" तो ओरडला आणि गाडीच्या किल्लीकडे झेपावला. तिने किल्ली मुठीत धरली. त्याने तिचं मनगट पकडलं. तसं त्याने कधीच पकडलं नव्हतं. मग त्याची नजर आपल्याच हाताकडे गेली आणि पकड सुटली.

त्याने खिशातला फोन काढून तिच्यासमोर धरला. "नानांना लाव. तूच बोल. मी बोललो तर मी त्यांना पटवून देईन की काही झालेलं नाही. मी आत्ता कुणालाही काहीही पटवू शकतो."

नानांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. "सूनबाई, मी चारही ठिकाणी फोन करून लिफ्ट बंद करवतो. त्याला एकटा सोडू नकोस." पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. तीन इमारतींनी बंद केल्या होत्या. चौथीत कुणी फोन उचलत नव्हतं. तिथे तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता. त्यांच्या घरापासून ती इमारत जेमतेम दोन चौक दूर, आणि नाना शहराच्या दुसऱ्या टोकाला.

दोघं पळतच गेली. खाली पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी, टेबलावर फोन वाजतोय. जिन्याने वर जाताना तिला बाजूच्या भिंतीतून लिफ्टची घरघर ऐकू येत होती. लिफ्ट चालू होती.

तिसऱ्या मजल्यावर बाकावर पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती, कुणाच्या डाव्या डोळ्याला पट्टी, कुणाच्या उजव्या. त्यांच्यापासून चार पावलांवर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आत लिफ्ट नव्हती. नुसता काळोख आणि हलणारे दोर. दारात कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आडवी टाकली होती आणि तिच्यामागे झाडू उगारून सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या.

"आतून वारा आला म्हणून बघितलं," मावशी म्हणाल्या. "हे बाबा पाय टाकतच होते. कॉलर धरून ओढलं मी त्यांना. खाली हाक मारतेय कधीची, कुणी येतच नाही."

भिंगरीने खुर्ची बाजूला केली आणि उघड्या दाराकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला. टाचा अगदी कडेला.

"मी इथे आडवा उभा राहतो. वर मी जाणार नाही," तो बायकोला म्हणाला. "मी पॅनेल उघडलं तर अजून चार गोष्टी सुधारत बसेन. तू जा. गच्चीवरची खोली, डाव्या हाताचा मोठा खटका, खाली ओढ. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

"तू आधी पुढे ये. तिथून सरक."

"जा!"

तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी काही न विचारता त्याच्या शर्टाची छाती मुठीत धरली. मग ती धावली. दोन जिने. प्रत्येक पायरीला ती कान देऊन होती: किंकाळी येते का, काही पडल्याचा आवाज येतो का. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. पॅनेल उघडंच, आणि आत ते दोन लाल चिमटे, नीटनेटके लावलेले. तिने खटका ओढला. घरघर थांबली. परत खाली येण्याच्या त्या दोन जिन्यांइतकं लांब अंतर ती आयुष्यात चालली नव्हती.

तो तिथेच होता, पण आता दाराकडे तोंड करून. मान पुढे काढून खाली बघत होता. मावशींनी त्याच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी लटकून पाय भिंतीला टेकवले होते.

"किती सुंदर आहे गं," तो म्हणाला.

तिने त्याला मागून मिठी मारली आणि त्याच्यासकट फरशीवर बसली. बाकावरच्या एका आजींनी पट्टी नसलेला डोळा किलकिला करून विचारलं, "काय झालं? लिफ्ट आली का?"

नाना आले. त्यांनी वर जाऊन जंपर काढला, कागदावर सगळं लिहून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सही कर. तुझ्याच हाताने." त्याने केली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला दाखल करून घेतलं. त्यांनी विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं: खाली बघताना क्षणभर त्याची खात्री झाली होती की पाय टाकला तर आपण तरंगू.

चोवीस दिवसांनी तो घरी आला, आणि मग अपेक्षेप्रमाणे दुसरी बाजू आली. दोन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. कंपनीने त्याचा लिफ्टवर काम करायचा परवाना काढून घेतला, नोकरीवरून मात्र काढलं नाही. नानांनी रदबदली केली. आता तो कार्यशाळेत बसून जुनी दारं, कुलपं, बिजागऱ्या दुरुस्त करतो. गोळ्या बायको देते, समोर बसून. सकाळची सध्या बंद आहे.

परवा दुकानातून परतताना ती जिन्यावर थबकली. त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. कितीतरी महिन्यांनी तो हसत होता. नानांनी काही विनोद सांगितला असेल. ती हातात किल्ली घेऊन दाराबाहेर तशीच उभी राहिली आणि हसू किती वेळ चालतंय ते ऐकत राहिली.