सोनूबाईचा गोळ्यांचा डबा

मित्रांनो, हर्षद पनवेलहून तपासणीचं पाकीट घेऊन आला, तो मंगळवार होता. त्याची बायको प्राप्ती ओट्याशी बोंबील साफ करत होती. हर्षदने पाकीट आईच्या, सोनूबाईच्या, हातात दिलं.

"आई, प्राप्तीत काय न्हाय. माझ्यात हाय. बीज लय कमी हाय, म्हणले. मूल होणं कठीण."

लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं लोक एकट्या प्राप्तीला विचारत आले होते. शेजारची इंदूबाई तर प्रत्येक हळदीकुंकवाला तिला सांगायची, "बाई, आता नवस तरी बोल."  प्राप्तीने आता बोंबील धुतले, हात पुसले आणि नवऱ्यासाठी चहा टाकला.

सोनूबाई मात्र कुठल्याही दुःखात जे करायची तेच तिने केलं. तिने मला फडताळावरून खाली काढलं आणि माझं झाकण उघडलं. "ह्याच्यावर बी काय असल," ती म्हणाली. तिने बराच वेळ शोधलं. ह्याच्यावर काही नव्हतं.

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, गोल, झाकणावर दोन मोर. सोनूबाईचा नवरा दयाराम दिघीच्या बंदरावर ट्रक चालवायचा. एका दिवाळीला त्याच्या मालकाने मला त्याला भेट म्हणून दिलं. बिस्किटं दोन दिवसांत संपली. मग सोनूबाईने माझ्यात घरातल्या गोळ्या ठेवल्या आणि माझं खरं काम सुरू झालं.

आमच्या आळीत एक रीत होती. कोणाच्या घरी दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्या सोनूबाईकडे यायच्या. कोणाला काही झालं की त्या माझ्यातून जायच्या. सोनूबाई मासळी कापायच्या कात्रीने पाकिटातली एकेक गोळी वेगळी करायची, म्हणजे देताना सोपं. त्यात औषधाचं नाव कापलं जायचं, तारीख कापली जायची. तिला त्याची गरजच वाटत नव्हती. ती रंगावरून ओळखायची. गुलाबी तापाची, पांढरी लांबट अंगदुखीची, पिवळी हर्षदच्या सांध्यांची. लोक तिला "आमची डॉक्टरीण" म्हणायचे. मी तेव्हा फार ऐटीत असायचो. माझ्यामुळे किती जणांना झोप लागली, हे मी मनात मोजत बसायचो.

त्या मंगळवारनंतर आठ दिवसांनी दयाराम अंगणात कालवांचे शिंपले फोडत होता. सुरी सटकली आणि बोट कापलं. जखम लहानच होती. पण रक्त थांबेना. हळद दाबली, मग कॉफी दाबली, फडकं बांधलं. तास झाला तरी फडकं भिजतच होतं.

"एवढंसं बोट, आन् रगत बघ किती," दयाराम म्हणाला. "लग्नाच्या टायमाला अंगात एवढं रगत असतं तर तुझ्या भावाला घाबरलो नसतो."

"गप बसा," सोनूबाई म्हणाली. तिने मला पिशवीत घातलं आणि चौघं धक्क्यावर गेली. फेरीबोटीने आगरदांडा, तिथून रिक्षाने मुरुड. मित्रांनो, मी पहिल्यांदाच खाडी ओलांडत होतो. घरावर संकट होतं, तरी खरं सांगतो, मला फार मजा वाटली.

मुरुडच्या डॉक्टर विनिता तरुण होत्या. त्यांनी जखम नीट दाबून बांधली आणि विचारलं, "काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"हार्टची एक. रगत पातळ करायची."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

"अवो, गुडघ्यावर मी देते ती?" सोनूबाई म्हणाली.

"ती कुठं औषध? ती तुझ्या डब्यातली हाय."

डॉक्टर हसल्या. "मावशी, तो डबा मला बघायचा आहे. पुढच्या वेळी आणाल?"

"आणलाय की," म्हणत सोनूबाईने मला टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी मला वर्तमानपत्रावर पालथं केलं. त्यांनी समजावून सांगितलं, की रक्त बाहेर आलं की ते गोठतं आणि जखमेवर आपोआप झाकण बसतं. हृदयाची गोळी ते झाकण सावकाश बसू देते, आणि ते दयारामला हवंच होतं. पण अंगदुखीची गोळीही तेच करते. दोन्ही एकत्र झाल्या, म्हणून झाकण बसेना. हृदयाची चालू ठेवायची, दुखण्याची दुसरी मी देते, असं त्या म्हणाल्या. झाकणाचं म्हटल्यावर मला लगेच कळलं.

मग त्यांनी एक पिवळी गोळी उचलली. "ही कोणाची?"

"माझी," हर्षद म्हणाला. "सांधे सुजतात. चार वर्षं झाली. संपली की आई आणून ठेवते."

"मूलबाळ?"

 प्राप्तीनेच पनवेलची सगळी हकिगत सांगितली.

"तिथे विचारलं असेल ना, औषध काही चालू आहे का?"

"विचारलं," हर्षद म्हणाला. "मी न्हाय म्हणलो. ही..." तो माझ्याकडे बघायला लागला. "ही डब्यातली."

"गोळी चांगली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण काही पुरुषांचं बीज तिने कमी होतं. बदलली तर बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत परत येतं. मनाने बंद करू नका. सांध्याच्या डॉक्टरांकडून बदलून घ्या."

 परतीच्या बोटीत सोनूबाई म्हणाली, "म्हणजे चार वर्षं नातवंडाला मीच डब्यात कोंडून ठेवलं व्हय?" आणि प्राप्ती हसली. ती इतकी हसली, की बोटीवरचे लोक वळून बघायला लागले.

हर्षदची गोळी बदलली. चार महिन्यांनी तपासणीचं नवं पाकीट आलं, ते चांगलं होतं. पुढच्या वर्षी केसर जन्मली. बारशाला इंदूबाईने सगळ्यांच्या आधी पाळण्याची दोरी धरली आणि नवस आपणच बोललो होतो, असं सांगितलं. कोणी तिला अडवलं नाही. आता केसर चमच्याने माझ्यावर बडवते. माझ्या झाकणावरचा एक मोर तिने चेपून टाकला आहे. मला चालतं.

सोनूबाईने नातीला सात महिने मांडीवर घेतलं. त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी मला काखेत मारून बाहेर पडायची. ज्या ज्या घरी तिने सुट्या गोळ्या दिल्या होत्या, तिथे जाऊन त्या परत मागायची. "मला वाचता येत न्हाय, हे मी इसरले होते," असं ती प्रत्येक दारात सांगायची. मग एका सकाळी ती उठलीच नाही.

आता दयाराम मला घेऊन जातो. त्याला तिच्यासारखं बोलता येत नाही. तो दारात उभा राहतो आणि म्हणतो, "हिनं दिलेल्या गोळ्या असतील तर द्या."

मित्रांनो, गोळी पाकिटातून कापून ठेवू नका. दुसऱ्याची गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी विचारलं, तर डब्यातलीसुद्धा सांगा. सोनूबाईने गोळ्या दिलेली घरं सोळा होती. त्यांतली पाच अजून राहिली आहेत.